पाचव्याचं काम

हेमांगी देवचंद पाटील चोपड्याच्या ज्युनिअर कॉलेजात तेवीस वर्षं जीवशास्त्र शिकवत होती. बारावीचा प्रजननाचा धडा ती एक शब्दही न गाळता शिकवी. त्या तासाला मुलं पंख्याकडं बघत, मुली वहीकडं, आणि स्टाफरूममधले दोन-तीन सर बाईंचं लग्न झालेलं नाही याची एकमेकांना आठवण करून देत. न होण्याला कारण म्हणावं असं काही नव्हतं. वडिलांनी सहा वर्षं स्थळं पाहिली. मग वडील गेले, आणि पाहणारं कुणी उरलं नाही.

सत्तेचाळिसाव्या वर्षी तिनं एक गोष्ट लिहिली. दूरच्या ग्रहावर, उथळ खाऱ्या पाण्यात राहणारे ओरव नावाचे जीव. त्यांच्यात लिंगं पाच. पहिला बीज देई. दुसरी ते धरून अंडं घाली. तिसरा अंड्यावर चुन्याचं कवच चढवी. चौथी चाळीस दिवस ऊब देई. पाचवं नुसतं जवळ असे. आकृत्या, गुणसूत्रांची मांडणी, सगळं चोख होतं.

पुण्याच्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी कळवलं, कल्पना आवडली, पण पाचव्याचं काम काय? काम नसतं तर उत्क्रांतीत ते टिकलंच नसतं. गाळून महिनाअखेर पाठवावं.

आक्षेप शास्त्रीय होता, म्हणूनच तो तिच्या जिव्हारी लागला. तिनं पाचव्याला राखण करायला बसवून पाहिलं. पण राखण कुणीही करील, त्याला वेगळं लिंग कशाला? पिल्लं सांभाळायला लावलं. ती तर नोकरी झाली. शेवटी तिनं त्याला गाळलं आणि गोष्ट पुन्हा वाचली. कुठं काही अडत नव्हतं. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

श्रावणात खानदेशची देवी कानबाई घरोघरी बसायची होती, तशी ती रजा टाकून शिरपूरजवळच्या गावी भावाकडं, योगराजकडं गेली. त्यांच्या भाऊबंदांत रोटाचे, म्हणजे देवीच्या नैवेद्याचे, गहू मोजायचा मान तानुबाईकाकूंचा. घरटी जितके पुरुष, तितक्या सव्वा-सव्वा मुठी. काकू नावं घेत सुपात गहू टाकत होत्या. तेवीस नावं झाली. त्यातले सोळा जण सुरतेला आणि पुण्याला होते, पण मूठ चुकत नव्हती. बायकांची मूठ नसते. सासरी गेलेल्या मुलींना तर ते पीठ खायलाही चालत नाही. सासरी न गेलेल्या मुलींना चालतं. म्हणून हेमांगी दरवर्षी नियमाप्रमाणं कुमारिकांच्या पंगतीत, पोरीबाळींशेजारी बसे.

पीठ पुनवेच्या आत संपलंच पाहिजे. उरलं तर कुळाला बाधतं.

"ताई, तुझी रजा मंजूर होते का, याची काळजी कानबाईलाच जास्त असते," योगराज म्हणाला.

"मी नुसती खायलाच येते का रे?"

काकूंनी सूप खाली ठेवलं. "त्येच ते काम शे ना, माय. मुठी देनारा बठ्ठा सुरतले. तुना नावनी मूठ नई, पन तू बठीसन खास, म्हनीसन पीठ सरस."

नावाची मूठ नसलेली बसून खाते, म्हणून पीठ संपतं, हे हेमांगीनं मनात एकदा घोळवलं. दुपारी ती ओट्यावर वही घेऊन बसली.

ओरवांचे चौघे एकमेकांचं माप जाणत नाहीत, तिनं लिहिलं. म्हणून प्रत्येक जण जरा जास्तच देतो: बीज जास्त, बलक जास्त, चुना जास्त, ऊब जास्त. उरलेलं अंड्याभोवती साचतं, कुजतं, त्याचं विष कवचातून आत झिरपतं. ज्यानं दिलं, त्याला ते पचत नाही. पचतं ते फक्त ज्यानं काहीच दिलेलं नाही, त्याला. चाळीस दिवस पाचवं ते खातं.

योगराजची मुलगी साक्षी अकरावी-बारावीची दोन वर्षं चोपड्याला आत्याकडं राहिलेली. तिनं पानं वाचली आणि विचारलं, "मग पिल्लाला कळतं का आत्या, की हे खात होतं म्हणून आपण वाचलो?"

"नाही. कवच फुटायच्या आत सगळं आटोपलेलं असतं."

"एक वाक्य घाल ना, कळतं म्हणून. तुझाच ग्रह आहे."

हेमांगीनं पेन उघडलं. साक्षी वाट बघत होती, वहीकडं कमी आणि आत्याकडं जास्त. आतून वहिनी जेवायला हाका मारत होती.

"डोळे उघडायच्या आधीचं कसं कळेल?" हेमांगी म्हणाली. "खोटं होईल ते."

"आणि पाचवं? त्याला तरी?"

"त्याला माहीत असतं."

तिनं ते वाक्य घातलं नाही. सोमवारी सकाळी गोष्ट पाठवून दिली. पाचव्याला आता कुणी गाळू शकत नव्हतं. गाळलं तर पुढची पिढी कवचातच मरत होती.