गोष्टीबुवांची दिवंगत बायको

वाइनच्या कारखान्यात गोष्टीबुवांचं काम ओतायचं. पाहुणे लांब मेजाभोवती उभे राहायचे आणि बुवा प्रत्येकाच्या पेल्यात दोन घोट लाल वाइन ओतायचे. वाइन आंबट होती. मालकाला ठाऊक होतं, बुवांनाही ठाऊक होतं. म्हणून पाहुण्याचा पेला ओठाला लागायच्या आत बुवा हात वर करायचे. "थांबा. ही कुणाच्या हातची, ते आधी ऐका."

मग बुवांची बायको मरायची.

सकाळी एकदा, दुपारी एकदा. सुट्टीच्या दिवशी गर्दी बघून जास्तच. शेवटचा घड तोडून तिनं टोपली खाली ठेवली, हसली, आणि वेलीला टेकून डोळे मिटले. "ती हसली की मला उन्हाची आठवण यायची नाही," बुवा सावकाश म्हणायचे. "त्या टोपलीतली ही द्राक्षं. घ्या आता." पाहुणे घोट घ्यायचे आणि त्यांना आंबटपणात विरह लागायचा. बाटल्या पेट्यांनी खपायच्या.

बायको मागच्या खोलीत बाटल्या धुवायची. यंत्राच्या घरघरीत तिला आपलं मरण कधी ऐकू गेलं नाही. घरी बुवा सांगायचे नाहीत. दिवसभर बोलून घसा बसलेला, घरी नुसतं हं आणि हूं.

एका दुपारी मागच्या दारात एक बाई पांढरी फुलं घेऊन उभी राहिली. मागे कधीतरी गोष्ट ऐकून गेलेली.

"गोष्टीबुवांच्या बायकोची वेल कुठली हो? फुलं ठेवायचीत. बिचाऱ्या हसत हसत गेल्या."

बायकोनं यंत्र बंद केलं. हात पुसले.

"द्या इकडं. मिळतील तिला."

फुलं घेऊन ती पुढच्या खोलीत गेली आणि पाहुण्यांच्या मागे उभी राहिली. बुवा नेमके टोपलीपाशी आले होते. "ती हसली की मला उन्हाची आठवण यायची नाही," म्हणताना त्यांची नजर वर गेली, आणि मागे फुलं घेऊन उभी बायको दिसली. आता ही घरी येते की कायमची भावाकडे जाते? बुवांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. पाहुण्यांनी रुमाल काढले. त्या दिवशी एकही बाटली उरली नाही, आणि मालकानं बुवांची पाठ थोपटली.

संध्याकाळी बुवा चोरपावलांनी घरात शिरले. ती होती. फुलं तांब्यात, तांब्या मेजावर, शेजारी कारखान्यातली अर्धी बाटली आणि एक पेला.

"अहो, मी हसले की उन्हाची आठवण येत नाही म्हणे?"

"धंद्याचं बोलणं ते."

"परक्यांना सांगता. मला का नाही कधी?"

"जिवंत बायकोची गोष्ट कोण ऐकतं?"

"मी ऐकते. ओता."

बुवांनी ओतली. तिनं घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "शी! आंबट."

"थांब की. आधी गोष्ट."

पण गोष्ट येईना. मेलेल्या बायकोबद्दल ते तासभर बोलले असते. ही समोर बसून बघत होती. शेवटी हळूच म्हणाले, "बाटली धुतलीस की तू उजेडाकडे धरतेस. एक डोळा मिटून. मी दारातून बघतो. मग ओतायला जातो."

तिनं आणखी एक घोट घेतला. बराच वेळ तोंडात धरला.

"आंबटच आहे," ती म्हणाली आणि पेला पुढे केला. "पण सांगा पुढे. आणि ह्यात मला मारायचं नाही."