नटावरची लाल रेघ

जीप मेकॅनिककडे नेणाऱ्या माणसाला डिलॉय ‘पाहुणा’ म्हणायचा. जो आपल्या गाडीखाली झोपत नाही त्याने ती चालवू नये, असं त्याचं मत होतं आणि ते तो चर्चच्या पायरीवर उभा राहूनही खणखणीत आवाजात सांगायचा. एकतीस वर्षं त्याने काउंटीचा ग्रेडर चालवून युटातले हे आमचे लाल मातीचे रस्ते सपाट केले, आणि सुट्टीच्या दिवशी त्याच डोंगरांत आपली बासष्ट सालची जीप खिळखिळी करून आणली. मग पंधरा दिवस ती त्याच्या परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, चाकं काढून, लोखंडी टेकूंच्या घोड्यांवर चढवलेली. मी वेंडेल, त्याचा शेजारी. शाळेची बस चालवायचो. चाळीस वर्षं त्या शेडमध्ये मीही हात काळे केले.

शेडचा कायदा एकच होता. नट पुरता आवळायचा, तो सुटू नये म्हणून त्यातून कॉटर पिन ओवायची, तिचे पाय दुमडायचे, आणि मगच नटावरून खालच्या दांड्यापर्यंत लाल नेलपॉलिशची रेघ ओढायची. बाटल्या त्याच्या बायकोच्या, अर्विलाच्या. ती गेली तेव्हा तिच्या खणात सात निघाल्या. डिलॉयने त्या पान्यांशेजारी मांडून ठेवल्या. रेघ दिसली की काम झालं, पुन्हा हात लावायचा नाही. “रेघ म्हणजे शपथ, कळलं का रे ढोल्या?” असं मला दरवेळी ऐकवायचा. ढोल्या मीच.

हा गडी कुणाला भ्यायचा नाही. फक्त विसरण्याला भ्यायचा. त्याची आई शेवटची सहा वर्षं त्याला दूधवाला समजत होती. म्हणून रोज सकाळी जीपला टेकून तो आपल्या शाळेतल्या वर्गाची हजेरी घ्यायचा. चौदा नावं, एका दमात. चौदा पुरी झाली की बॉनेटवर थाप मारायचा, “चला, आजचा दिवस माझा!” त्याची मुलगी शर्लीन हे ऐकून डोळे फिरवायची. “बाबा, शहात्तर झाली. किल्ल्या द्या आता माझ्याकडे.” त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं, “एक चूक दाखव, त्या दिवशी देतो.”

त्या ऑक्टोबरात जीपचं स्टिअरिंग वीतभर फिरवलं तरी चाकांना पत्ता नसायचा. चाकं वळवणाऱ्या टाय रॉडचे दोन्ही सांधे झिजले होते. नवे आणले. डिलॉयचा गुडघा सुजला होता, म्हणून उजवं चाक त्याने स्टुलावर बसून केलं आणि डावीकडे खाली मी शिरलो. नट आवळला, पण पिन जायला दांड्याचं भोक आणि नटाची खाच काही जुळेना. अजून जरासा आवळायला हवा होता. तेवढ्यात कुंपणापलीकडून माझी बायको डोरिस ओरडली, “कॉर्नब्रेड गार होतोय, येतोयस का कुत्र्याला घालू?” नेलपॉलिशची बाटली उघडी होती, वाळून चालली होती. म्हटलं, रेघ ओढून टाकू, पिन जेवून आल्यावर घालू.

जेवलो. बीन्स दोनदा घेतले. गप्पा हाणल्या. परत आलो तर डिलॉयने चाक चढवलंसुद्धा होतं. त्याने वाकून टॉर्च मारला, “दिसली रेघ,” म्हणाला आणि जीप खाली उतरवली. माझ्या डोक्यात पिनचं नावही आलं नाही.

आलं सोमवारी. कपडे धुताना डोरिसला माझ्या शर्टच्या खिशात पिन सापडली, कोरी करकरीत. “ही तुझी का?” मी पाहिलं आणि डावं चाक आठवलं. खरं सांगतो, आठवलं. पण म्हटलं, जास्तीची असेल. खिळ्यांच्या डब्यात टाकून दिली. कुंपणापलीकडे जाऊन चाकाखाली डोकावायला मला कितीसा वेळ लागला असता?

तीन आठवड्यांनी डिलॉय आणि शर्लीन डोंगरात पाइनच्या झाडांखाली चिलगोजे वेचायला गेले. उतरताना, जिथे रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा खडबडीत आहे, तिथे तो नट गळून पडला. सांधा निसटला, डावं चाक आपल्या मर्जीने वळलं. एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला डोंगराचा उभा कडा. डिलॉयने मिळेल तसा ब्रेक दाबून जीप कड्यावर घातली. दोघं वाचले. शर्लीनचं मनगट मोडलं.

निरोप मिळताच मी माझा ट्रक घेऊन पोचलो तेव्हा शर्लीन हात रुमालात बांधून दगडावर बसली होती आणि डिलॉय चाकापाशी गुडघे टेकून होता. नट नव्हता. दांड्यावर लाल रेघेचं अर्धं टोक तेवढं उरलं होतं. तो त्याच्यावरून अंगठा फिरवत होता. “पिन तुटली असती तर तुकडा राहिला असता. पिन घातलीच नव्हती. हे चाक कुणी केलं?” त्याने मला विचारलं नाही, स्वतःलाच विचारलं.

शर्लीनने मात्र मला विचारलं. “वेंडेलकाका, तुम्ही होतात ना तिथे?”

“मी उजव्या चाकावर होतो,” मी म्हणालो.

जीभ झडली असती तर बरं झालं असतं. डिलॉयने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही हो, शंकेनेही नाही. चाळीस वर्षांच्या विश्वासाने पाहिलं आणि मान हलवली. “मग मीच. रेघ ओढली नि पिन विसरलो.” तिथेच, धुळीत बसून, त्याने वर्गाची हजेरी सुरू केली. नवव्या नावाला अडकला. एवढ्या धक्क्यानंतर कुणीही अडकेल! पण तो पांढराफटक पडला. “आईचंही असंच सुरू झालं होतं,” म्हणाला, आणि किल्ल्या काढून शर्लीनच्या धडधाकट हातात ठेवल्या.

सांगायचं होतं मला. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं, मग थँक्सगिव्हिंगच्या सणाला, मग नाताळात. वसंतात जीप विकली गेली. तो हजेरी घ्यायचा बंद झाला. कशाला घेईल? शेडला कुलूप लागलं आणि शर्लीन त्याला सेंट जॉर्जला आपल्या घरी घेऊन गेली. डोरिस म्हणते, त्याचा विसरण्याचा आजार यायचा तो आलाच असता. असेल. पण त्या आजाराला दारात उभा राहून मी आत घेतलं, त्याचं काय?

चार वर्षांनी, एका बुधवारी, मी मनाचा हिय्या केला. खिळ्यांच्या डब्यातली ती पिन शोधली आणि सेंट जॉर्जला गेलो. डिलॉय खिडकीशी बसला होता. मला पाहून म्हणाला, “या, बसा. नळ गळतोय तो स्वयंपाकघरात आहे.” चाळीस वर्षांचा सोबती ढोल्या त्याच्या लेखी प्लंबर झाला होता.

मी त्याच्या तळव्यावर पिन ठेवली आणि सगळं ओकलो. कॉर्नब्रेड, रेघ, खिसा, खोटं. रडलोसुद्धा, लाज कसली. त्याने पिन उलटीपालटी करून नीट पाहिली.

“नाही हो,” तो म्हणाला, “ही मी विसरलो. माझ्याच हाताने. पोरीचं मनगट मोडलं. मला बाकी काही आठवत नाही, पण हे पक्कं आठवतंय.”

“डिलॉय, नाही रे! मी विसरलो. मी!”

“तुम्ही भले आहात. उगाच दुसऱ्याचं आपल्या अंगावर घेऊ नका.”

दारात शर्लीन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता हाकलून देईल. द्यायलाच हवं होतं. ती एवढंच म्हणाली, “रोज सकाळी माझा हात धरून माफी मागतात ते. रोज. चार वर्षं. काका, तुम्ही येत जा, आणि सांगत राहा त्यांना.”

आता दर बुधवारी मी जातो. पिन त्याच्या हातात देतो आणि पहिल्यापासून सगळं सांगतो. तो शांतपणे ऐकून घेतो, माझ्या खांद्यावर हात ठेवतो आणि दर बुधवारी मला समजावतो की यात माझी काही चूक नव्हती.