तेमिरकुलची मान

नारीन गावचा तेमिरकुल अडेल घोडे वठणीवर आणायचा. एका तरण्या घोड्यानं त्याला आपटलं, मानेच्या मणक्यांमधली चकती फुटली आणि हातांतली ताकद जाऊ लागली. डॉक्टर गुलबाराबाईंनी चकती काढून मणक्यांमध्ये हाडासारख्या पदार्थाचे दाणे भरले.

"तेमिरकुलभाऊ, या दाण्यांत तुमचं स्वतःचं हाड हळूहळू रुजेल. तोवर घोड्याला हात लावायचा नाही."

हात सुधारले, तसा त्याला धीर धरवेना.

"मानेत दगड भरलाय. आता काय मोडतंय?"

"दगड मानेत नाही, डोक्यात भरलाय तुमच्या," म्हणत बायको बुरुल्चानं खोगीर कुलपात ठेवलं.

ती बाजारात गेल्यावर त्यानं बिनखोगिराचाच घोडा काढला. ओढा ओलांडताना मानेत बारीकसं कट्‌ झालं. दुखलं मात्र नाही, म्हणून तो कुणाला काही बोलला नाही.

संध्याकाळी बुरुल्चानं चहाची वाटी हातात दिली. ती कलंडली, कढत चहा बोटांवरून ओघळू लागला, तरी तो भेटायला आलेल्या शेजाऱ्याशी निवांत बोलत राहिला.

"अहो, हात भाजला!" ती किंचाळली.

त्यानं खाली पाहिलं. बोटं लालबुंद झाली होती. ती मिटायला त्यानं सगळा जोर लावला, पण एकही बोट हललं नाही.