दम्याचंच चूर्ण

"दम्याचं तेवढं सांग, पाळीचं न्हाई. जुळत आलेली सोयरीक मोडन," मावशी आईला हळूच म्हणाली, ते मी ऐकलं. मला दमाही होता आणि पाळी अनियमित करणारा पीसीओएसही. परतूरच्या सिद्ध वैद्यकाच्या शिबिरात सुंठ-पिंपळीचा उग्र वास कोंडला होता. तमिळ वैद्यांनी माझ्या मनगटावर तीन बोटं ठेवून काहीतरी विचारलं. मदतनीस बाईंनी ते मराठीत सांगितलं, "पाळी बराबर येते का?" मावशी हसली. "एकदम बराबर!" आई खाली बघत राहिली. बाई दम्याचंच चूर्ण पुडीत बांधू लागल्या. आजही मला मावशीपेक्षा आईच्या गप्प राहण्याचाच राग येतो. तेव्हा मात्र मी बाईंचा हात धरला आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "थांबा, मला चार महिने पाळी आलेली नाही."