फ्यूजबॉक्सचं रबर आणि दादाचा हॉर्न

आता कुठून सुरुवात करू? आधी चहा घ्या. हे ऐकून तुम्ही मला हसणार, आणि हसायलाच पाहिजे. सातवीतून शाळा सोडलेला माणूस मी, चुका म्हणजे माझ्या रोजच्या ताटातलं कालवण. पण ही चूक अशी, की भावकीतलं कुणी भेटलं की अजून तोंडानं हॉर्न वाजवून दाखवतं.

तर दादाची पिकअप. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. पावसाळ्याच्या तोंडाला गेला. ताप आला म्हणून दवाखान्यात नेला, आणि येताना त्याची नुसती चप्पल घेऊन आलो. एवढंच सांगतो. पुढचं विचारू नका, मला अजून सांगता येत नाही.

गाडी मात्र दारातच उभी. आई येता-जाता तिच्याकडं बघून रडायची. म्हणून आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ठरवलं की गाडी विकायची. आप्पा मिलिटरीतून रिटायर. तासगावच्या एका बेदाण्याच्या व्यापाऱ्याला त्यांनी गाडी बघायला बोलावलंसुद्धा. मी म्हटलं, विकू नका, मी चालवतो.

"तू?" आप्पा म्हणाले. "तुला सायकलीची चेन बसवता येत न्हाई."

मी हट्टाला पेटलो. जेवण सोडलं. म्हणजे सकाळचं सोडलं, संध्याकाळी मटकीची उसळ होती. शेवटी आप्पांनी अट घातली. फ्यूजबॉक्सच्या झाकणाचं रबर कुजलं होतं. बॉनेट उघडलं की बॅटरीशेजारी एक काळी डबी दिसते ना, ती. लाईट, वायपर, हॉर्न, सगळं तिच्या जिवावर चालतं. झाकणाचं रबर गेलं की पाणी आत शिरतं. दादा दर पावसाळ्यात तिच्यावर दुधाची पिशवी बांधायचा आणि म्हणायचा, पुढच्या आठवड्यात बदलू. आप्पा म्हणाले, "ते रबर नीट बदलून दाखव. मग तासगावच्या पावण्याला काय सांगायचं ते बघू."

रबर बदलायचं. त्यात काय असतं, सांगा?

मलकापूरच्या मेकॅनिकनं रबराची पट्टी दिली आणि समजावून सांगितलं. जुनं खरवडून काढ, डबी कोरडी कर, एकच फेर लाव, घाई करू नको. मी सगळं ऐकलं. ऐकलं म्हणजे मान हलवली. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुसलेली, एका फेरानं गाडी सांभाळली जात असेल तर दोन फेरांनी किती सांभाळली जाईल!

लावले दोन फेर. आता झाकण बसेना. वरून गुडघा दिला, तरी एक कोपरा उचललेलाच. मग जुनी ट्यूब कापून, तिची पट्टी करून झाकण आवळून बांधलं. खालून हात फिरवला तर काय, डबीच्या तळाला भोक! मला त्या बनवणाऱ्यांची कीव आली. एवढी मोठी गाडी बनवतात आणि तळाला भोक विसरतात? पाईपची गळती बुजवायचा लगदा घरात होता. तो मळला आणि भोक गच्च बुजवून टाकलं. तुम्हाला सांगतो, त्या वेळी वाटलं, दादा असता तर पाठ थोपटली असती.

मग आप्पांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर दोन तांबे पाणी झाकणावर ओतलं. ते पंचा सावरत वाकले आणि डबीखाली बघत राहिले. एक थेंब पडेना. मी विचारलं, "गळतंय का आप्पा?" ते म्हणाले, "न्हाई." माझ्याबद्दल आप्पांनी काढलेला इतका चांगला शब्द मला आठवत नाही. एवढं पाणी गेलं कुठं, हे ना त्यांनी विचारलं ना मला सुचलं.

दुपारी पाहुणे आले. दादानं त्यांच्या बेदाण्याच्या पेट्या कैक वेळा वाहिलेल्या, त्यामुळं माणूस ओळखीचा. आप्पांनी गाडी सुरू करून दाखवली. इंजिन थरथरलं. पाहुण्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "लय जीव हुता त्याचा हिच्यावर."

आणि हॉर्न वाजायला लागला.

थांबेचना. "मी न्हाई दाबला" म्हणत आप्पांनी दोन्ही हात वर केले. किल्ली काढली. इंजिन बंद, हॉर्न चालूच. मी ओरडलो, "आप्पा, दादा आलाय! त्येला गाडी इकायची न्हाई!"

पाहुण्यांनी तव्यावरून उचलावा तसा हात उचलला. चपला काढल्या आणि बॉनेटला हात जोडले. आई दारात येऊन चौकट धरून उभी राहिली. मला मात्र आतून उकळ्या फुटत होत्या. दादा माझ्या बाजूनं उतरला होता. मी गाडीपुढं उभा राहून शब्द दिला, न्हाई इकत, आता थांब. पण थांबतोय कुठं?

तेवढ्यात वहिनी चहाचा ट्रे घेऊन आली. दादाची बायको. दादा गेल्यापासून चार शब्दांच्या वर बोलली नव्हती. तिनं गाडीकडं बघितलं, बॉनेटच्या फटीतून लोंबणारी माझी ट्यूबची पट्टी बघितली, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "भावजी, त्यास्नी आजून काय तरी पायजे असंल. इचारा की."

मी विचारलं. तंबाखूचा मावा सोडू का? हॉर्नला उचकी लागली आणि क्षणभर बंद पडला. सोडला, दादा, आजपासून सोडला. परत सुरू.

"धाविचं इचारा," वहिनी म्हणाली.

दादा माझ्या शाळेसाठी किती मागं लागायचा, हे सगळ्या गावाला माहीत. मी म्हटलं, बसतो दहावीला. तसा हॉर्नचा आवाज घोगरा झाला. मला वाटलं, दादाचा कंठ दाटून आला. मी बॉनेटला मिठी मारली. आवाजानं आख्खी गल्ली गोळा झालेली, आणि मी त्या तापलेल्या पत्र्याला सांगतोय, "दादा, मला एकट्याला जमंना झालंय रं."

वहिनीच्या तोंडावरची गंमत उतरली. तिनं ट्रे खाली ठेवला. मला दंडाला धरून बाजूला केलं, सीटखालचा दादाचा पाना काढला, बॉनेट वर केलं आणि बॅटरीची वायर सोडवली.

सगळं गप्प झालं. मग तिनं माझी पट्टी सोडून झाकण उचललं. आत काठोकाठ पाणी. फ्यूज त्यात आंघोळीला बसल्यासारखे.

"भावजी," ती म्हणाली, "मासं पाळायचं हुतं व्हय ह्यात?"

अशी हसली गल्ली म्हणून सांगू! पाहुण्यांनी हसत हसत चपला घातल्या. मी लाल. तेवढ्यात दारातून आईचा आवाज आला.

"परत लाव की गं जरा. वळणावर आला की असाच वाजवायचा त्यो."

वहिनीनं वायर परत टेकवली. हॉर्न वाजला. वहिनी वायर धरून उभी राहिली, आई डोळे मिटून ऐकत राहिली. बऱ्याच वेळानं आईनं मान हलवली तेव्हा वहिनीनं वायर सोडली.

पाहुण्यांनी घसा खाकरून विचारलं, "मग आप्पा, कसं करायचं?"

आप्पा डबीत डोकं घालून बघत होते. दोन फेर बघितले, बुजवलेलं भोक बोटानं चाचपलं. ते भोक आत आलेलं पाणी जायला ठेवलेलं असतं, हे मला तेव्हा कळलं. आप्पा म्हणाले, "न्हाई इकायची."

मला भरून आलं. म्हटलं, बापाचं काळीज आहे शेवटी.

"आवं पावणं," आप्पा पुढं म्हणाले, "गाडी तुमास्नी दिली तर तुमचा मेकॅनिक ही डबी उघडणार. कुणी केलं म्हून इचारणार. तासगावात आमच्या घराचं नाव घालवू व्हय? असली कारागिरी घरातच झाकून ठिवल्याली बरी."

तर अशी गाडी राहिली. चावी गेली वहिनीकडं. दादानं तिला मळ्यात गाडी शिकवलेली, तिनं लायसन काढलं, आता द्राक्षाच्या पेट्या तीच वाहते. मी शेजारी किन्नर, म्हणजे गाडीवरचा क्लीनर. मांडीवर दहावीचं बीजगणित, तोंडात माव्याऐवजी बडीशेप. बॉनेटला हात लावायला मला बंदी आहे. काच पुसायची तेवढी परवानगी दिलीय, आणि तीसुद्धा कोरड्या फडक्यानं.