दहावी भाकरी

मार्गासनीतले माझे घरमालक रोज संध्याकाळी चुलीपाशी भाकऱ्या मोजत आणि दहावी, हमखास करपलेली, मला आणून देत. "दशांश म्हंजे दहावा हिस्सा. त्यो देवाचा," हे त्यांचं पुराण भाकरी संपली तरी संपत नसे. घरापासून लांब कामाला आलेला मी उपकार मानून ऐकायचो. जेवण तेवढंच होतं.

एकदा ते रिकाम्या हातानं दारात आले. "आज नऊच झाल्या रं. दहावीच न्हाई, मंग दशांश कुठला?"

"असू द्या काका. माझी दहावी शाळंतबी ऱ्हायलीच."

ते हसले नाहीत. आत जाऊन स्वतःच्या ताटातली भाकरी घेऊन आले.

"घे. पर ह्याला दशांश म्हनायचं न्हाई."

ती मुळीच करपलेली नव्हती.