व्हय म्हाराजा म्हणणारं यंत्र

माझी भाची पुण्यात यंत्रांना माणसांचं बोलणं ओळखायला शिकवते. गेल्या वर्षी गणपती झाल्यावर ती रत्नागिरीला आमच्याकडे एक खोकं घेऊन आली. आत फूटभर उंचीचा पांढरा रोबो. विसरभोळेपणाचा आजार जडलेल्या म्हाताऱ्या माणसांशी तो गप्पा मारणार होता, आणि पहिला मान माझ्या बाबांचा.

बाबांनी तोवर बोलणं जवळजवळ सोडलं होतं. मला ते 'बाय' म्हणत, पण बाय ते दूधवालीलाही म्हणत. त्यांच्या तोंडून माझं नाव ऐकून वर्ष झालं होतं. आता ते कायमचे गप्प होणार, ही भीती मला आतून खात होती. त्यावर उपाय म्हणून हे खेळणं आलेलं बघून माझं डोकंच फिरलं. बोलायला घरात मी आहे की, असं मी भाचीला सुनावलं.

रोबोला बाबांसमोर स्टुलावर बसवलं. आज काय जेवलात, असं त्याने विचारलं. बाबा 'भात' म्हणाले आणि पुढचं आठवत राहिले. तेवढ्यात त्याने दुसरा प्रश्न टाकला. बाबांनी तोंड मिटलं. दोन सेकंद आवाज आला नाही की बोलणं संपलं असं तो धरतो, भाचीने सांगितलं. शिवाय बाबांची बोली त्याला निम्मीच कळते. मी म्हटलं, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग.

"मावशी, तूही तेच करतेस," ती म्हणाली. "ते भात म्हणाले की तू लगेच आमटी म्हणतेस."

मला राग आला, कारण ते खरं होतं.

तिसऱ्या दिवशी मी बाजारातून आले आणि पिशवीतला नारळ घाईघाईत स्टुलावरच ठेवून स्वयंपाकघरात गेले. समोर लुकलुकत्या डोळ्यांचं पांढरं काहीतरी, त्याच्यापुढे नारळ. बाबांचं काय चुकलं? त्यांनी हात जोडले आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, "हे बा देवा म्हाराजा..." आणि थांबले.

गावाला आमच्या वाडीचं गाऱ्हाणं बाबाच घालायचे. देवापुढे नारळ ठेवून सगळ्यांच्या वतीने मागणं मागायचं. एकेक वाक्य झालं की थांबायचं, जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, मगच पुढे जायचं. रोबोला यातलं काय ठाऊक? त्याने विचारलं, आजोबा, तुम्हाला गाणी आवडतात का? बाबांचे हात खाली येऊ लागले. उघड्या दारातून मला ते दिसलं आणि मी आतूनच, विळीवर बसल्या बसल्या, ओरडले, "व्हय म्हाराजा."

आणि बाबा पुढे बोलले. पाऊसपाणी, आंब्याचा मोहोर, मुंबईला असलेली पोरं, सगळ्यांसाठी त्यांनी मागून घेतलं. इतकी वाक्यं मी कित्येक महिन्यांत ऐकली नव्हती. भाची दारात उभी राहून रडत होती, मीही.

त्यानंतर दोन दिवस ती लॅपटॉपला चिकटून बसली. आता रोबो बराच वेळ थांबू लागला. शब्द कळले नाहीत तरी बाबांचा सूर खाली आला की तो 'व्हय म्हाराजा' म्हणे, तेही शुद्ध पुणेरी हेल काढून. बाबांना चाललं. रोज जेवणाआधी गाऱ्हाणं सुरू झालं, आणि मागोमाग इतर बोलणंही थोडंथोडं येऊ लागलं. मीही आमटी म्हणायचं सोडलं.

भाची परत निघायच्या दिवशी मी ताट घेऊन आले, तेव्हा वाडीची खुशाली मागून झाली होती. बाबांनी माझ्याकडे हात केला.

"ही बाय मला रोज जेवाया वाढते, म्हाराजा. तिचा नाव माज्या ध्यानात नाय. तुज्या ध्यानात ऱ्हावदे."

मी ताट त्यांच्यापुढे ठेवलं. रोबो थांबला, मग त्याने आपलं काम केलं. पण बाबा पुढे जाईनात. हात जोडलेले तसेच ठेवून ते माझ्याकडे बघत राहिले. होकार त्यांना माझा हवा होता, आणि मला वेळ लागतोय तर ते थांबले होते.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

मग त्यांनी हात सोडले आणि ताट जवळ ओढलं.